पडद्यावरचा पांढरा हात

१७ ऑगस्ट २०२५
पाड्यावरून, ता. मोखाडा

हरेश,

आशीर्वाद नंतर बघू. आधी हे वाच, आणि उभ्याउभ्या वाचू नकोस, बस.

फोनवर तुला चार वेळा गाठलं. चारही वेळा तू "हो ताई, बघतो ताई" म्हणालास आणि मग रेंज गेली. आमच्याकडे रेंज जाते हे मान्य. पुण्यात बसून तुझी कशी जाते ते मला कळत नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे.

चैतीची गोदी गेली. तुमच्या घरामागे जिचं घर आहे ती चैती. सात महिन्यांची होती पोर.

४ तारखेला मी संस्थेच्या मीटिंगला जव्हारला गेले होते, फोन बंद होता. गाडी मागवायचा टॅब माझ्या मदतनिसाकडे, काशीकडे, ठेवला होता. दुपारी दोनच्या सुमाराला गोदीला ताप चढला, डोळे फिरवले. चैती तिला घेऊन धावत माझ्या अंगणात आली. काशीनं ड्रायव्हर देवरामला फोन लावला. संस्थेची गाडी मोखाड्यात उभीच होती. देवराम म्हणाला, "बाय, फोनावर गाडी काढली तर माझी नोकरी जाते. टॅबमधून पाठव." काशीनं टॅब उघडला. गोदीचा फोटो आला. आणि फोटोवर तुझ्या अ‍ॅपमधला तो पांढरा हात आला, कपाळावरून हनुवटीपर्यंत खाली सरकला. परत वर गेला, परत खाली सरकला. काय करायचं ते शिकवत होता म्हणे.

तू इथलाच आहेस, तुला मी काय सांगू? माणूस गेला की घरातली मोठी बाई असाच हात फिरवून त्याचे डोळे मिटते. आपल्याकडे लेकराचं तोंड पुसायचं तरी खालून वर पुसतात. काशीपुढे फोटोतली गोदी, बाजूला चैती, चैतीच्या मांडीवर तापानं फणफणलेली गोदी. काशी फोटोच्या आजूबाजूला बोट दाबत राहिली, अख्खा टॅब दाबून काढला तिनं, पण फोटोवरून बोट काही ओढलं नाही. मला म्हणाली, "माझ्याच्यानं नाय झाला, गौरा. तूच सांग, कसा ओढू?"

पाच वाजता मी पाड्यावर पोचले. चपला काढल्या नाहीत, काही नाही. टॅब हिसकला आणि चैतीच्या डोळ्यांदेखत गोदीच्या फोटोवरून बोट खाली ओढलं. लाल पट्टी आली, गाडी सुटली. गोदी जव्हारच्या अलीकडे गाडीतच गेली.

आता पाड्यात काय बोलतात ऐक. गौरानं जित्या लेकराचे डोळे मिटले. मी दिसले की बायका लेकरं उचलून आत नेतात. सोळा वर्षं या लेकरांना वजनकाट्यावर घातलं, डोस पाजले, शेंबूड पुसले. चैतीचं तर बाळंतपण मी केलं. ती दार लावून घेते. तिकडे संस्थेच्या शीला मॅडमनी नोटीस दिली आहे की अ‍ॅप नीट चालत होतं, मदतनिसाला का शिकवलं नाही त्याचा लेखी खुलासा करा.

तुझ्याकडून एकच हवं आहे. इथे ये, शाळेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर बस, आणि सांग की तो हात मी काढला, गौराताईनं नाही. तेच संस्थेला लिहून दे. दोन वाक्यं आहेत. तेवढं बोलायला तुला जड जाऊ नये.

गौरा


२९ ऑगस्ट २०२५
पुणे

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गोदीचं ऐकून जेवण गेलं नाही. चैतीला माझा निरोप सांग, काय सांगायचा ते तुला सुचेल.

फोनवर मी मोकळं बोलू शकत नाही. ऑफिसमधून आम्हाला सांगितलंय की या घटनेबद्दल कुणाशी काही बोलायचं नाही, मेसेज तर अजिबात नाही. म्हणून कागदच बरा.

ताई, रागावू नकोस, पण हे कसं झालं ते समजून घे. गेल्या वर्षीच्या अ‍ॅपमध्ये गाडीचं लाल बटण समोरच होतं. पोरांनी खेळता खेळता दाबलं आणि गाडी दोनदा रिकामी आली. संस्था म्हणाली, बटण समोर नको. मग आम्ही ते लपवलं. फोटो वरून खाली ओढला की पट्टी दिसेल, चुकून कुणाचं बोट लागणार नाही. पण लपवलेली गोष्ट सापडली पाहिजे, ही आमच्या कामाची पहिली अट असते. ज्याला कुणी शिकवलं नाही त्याच्याही बोटाला ती आपोआप सापडली पाहिजे. म्हणून तो हात. जगभर असा हात दाखवतात, बोट कुठून कुठे न्यायचं ते कळावं म्हणून. त्यात डोळे मिटण्याचा काही संबंध येईल हे मला कुठे ठाऊक होतं?

आमच्याकडे प्रत्येक बोटाची नोंद होते. काशीनं दोन वाजून दहा मिनिटांपासून तीन वाजेपर्यंत सदतीस वेळा बोट लावलं. एकदाही ओढलं नाही. याला आम्ही प्रशिक्षणातली उणीव म्हणतो. तुझी म्हणत नाही, व्यवस्थेची म्हणतो.

अजून एक विचारतो. नोंदीत दिसतंय की जून-जुलैत तू स्वतः दोनदा गाडी मागवलीस, दोन्ही वेळा पहिल्याच फटक्यात. तेव्हा कुणाला काही खटकलं नाही का? बायका तेव्हा काही बोलल्या नाहीत?

इतका ताप होता, आकडी होती. गाडी तीन तास आधी सुटली असती तरी कोण जाणे. तू स्वतःला लावून घेऊ नकोस.

आईला गुडघ्याचं तेल पाठवलंय. पोचलं का?

तुझा हरेश


८ सप्टेंबर २०२५

हरेश,

तेल पोचलं. मामी लावते आहे.

कोण जाणे म्हणतोस? मी जाणते. जानेवारीत खालच्या पाड्यावरचं लेकरू असंच तापलं होतं, तेव्हा लाल बटण होतं. ते लेकरू आज अंगणात कोंबड्यांमागे पळतं. हे वाक्य परत लिहू नकोस, मी पत्र फाडून टाकीन.

आणि ठाऊक नव्हतं? अरे लाज वाटू दे जरा. फेब्रुवारीत तू आणि तुझी ती ऑफिसातली दोन पोरं इथे आला होतात की नाही? शाळेच्या ओट्यावर सात बायका बसवल्या. कुणी काही शिकवायचं नाही, बघू या आपलं आपण सापडतं का, असं तूच म्हणालास. टॅबवर जाहिरातीतलं गोरंगोमटं लेकरू होतं. पांढरा हात तेव्हा नव्हता. पहिला नंबर तुझ्या आईचा. मामीनं बोट ठेवलं, खाली ओढायला लागली, आणि लेकराच्या डोळ्यांपर्यंत आल्यावर चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "इश्श, हे काय रं," असं म्हणून पदर तोंडाला लावला. तिच्यामागून सगळ्यांनी तेच केलं. तुझी पोरं वहीत लिहीत होती आणि तू खाली मान घालून बसला होतास.

मी तुला हापशाजवळ नेलं. म्हटलं, "हरेश, हे नको. ओढायचंच असेल तर आडवं ओढू दे, नाहीतर लेकराचा फोटो तरी नको." तू म्हणालास, "कळतंय ताई, वर सांगतो." मी निश्चिंत झाले. आपला पोरगा तिथे आहे, तो सांगेल, असं वाटलं.

जूनमध्ये नवा टॅब आला तो पांढरा हात घेऊनच.

मला तुझी व्यवस्था नको, प्रशिक्षण नको. वर सांगितलंस का? हो की नाही, तेवढं लिही.

काशी टॅब माझ्या ओट्यावर ठेवून तिच्या आईकडे निघून गेली. परवा वजनाचा दिवस होता, एकही बाई आली नाही. काटा लावून मी साडेअकरापर्यंत बसले. एकटी मामी येऊन बसली माझ्याजवळ, गुडघे धरून. सगळ्यांना सांगत असते, माझा हरेश आला की सगळं नीट करील. ती असं बोलली की मला तिच्याकडे बघवत नाही.

गौरा


१ ऑक्टोबर २०२५
पुणे

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला, कारण हातात काहीतरी ठोस घेऊनच लिहायचं ठरवलं होतं. आणि आता आहे.

तो हात काढून टाकला! फोटो ओढणंही काढलं. या आठवड्यात टॅबवर नवीन अ‍ॅप आपोआप येईल. खाली मोठं लाल बटण आहे, त्यावर तीन सेकंद बोट धरून ठेवायचं, भोवती गोल भरत जातो, आणि गाडी सुटते. पोरांचं चुकून लागलं तर काही होत नाही. हे मी तीन आठवडे रात्रीचा दिवस करून बसवलंय, तुझ्या पत्रामुळे. आमच्या प्रमुखांना फार आवडलं. त्यांनी मला बंगळुरूला पाठवलं होतं, तिथे देशभरातून आमच्या कामातली माणसं येतात. वीस मिनिटं बोललो. पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर उभा राहिलो ताई. बोलताना सारखा आपला ओटा डोळ्यांसमोर येत होता.

जे झालं ते परत येत नाही, पण यापुढे कुठल्याच पाड्यात असं होणार नाही. बायकांना नवीन बटण दाखव, त्यांचा विश्वास बसेल.

तू हो की नाही विचारलंस. एवढं सोपं नसतं ताई. आणि मी जून-जुलैचं विचारलं होतं, त्याचं उत्तर तूही दिलं नाहीस.

दिवाळीला यायचा प्रयत्न करतो.

हरेश


१३ ऑक्टोबर २०२५

हरेश,

तुझी वीस मिनिटं मी पाहिली. काल जव्हारला मीटिंगमध्ये शीला मॅडमनी भिंतीवर दाखवली. म्हणाल्या, बघा, आपल्याच भागातला मुलगा. छान सदरा घातला होतास.

तू बोललास की गावातल्या बायकांना ती खूण सापडलीच नाही. तू बोललास की एका स्थानिक सेविकेनं मदतनिसाला शिकवलं नव्हतं, त्यामुळे एक दुर्दैवी घटना घडली, आणि त्यातून आम्ही खूप शिकलो. मग ते बटण दाखवलंस. समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोलीतल्या बावीस सेविकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी कुठे बघायचं होतं?

स्थानिक सेविका. नाव घेतलं नाहीस, उपकार झाले.

मीटिंग संपल्यावर मॅडमनी टॅब जमा करून घेतला. माझं काम गेलं. जाऊ दे, वरई-नाचणीवर माझं पोट भरेल. तुझ्या बटणाचं मला कौतुक नाही. चैतीनं मला दारात उभं करून घ्यावं, "बस गौरा" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते तुझ्या बटणातून येत नाही. खरं काय ते कुणीतरी बोलल्याशिवाय येत नाही.

दिवाळीला येऊ नकोस. मामीला मी काहीतरी सांगेन.

गौरा


२६ ऑक्टोबर २०२५
पुणे

ताई,

दिवाळीला आलो नाही. चार दिवस खोलीत होतो.

नाही. वर सांगितलं नाही.

फेब्रुवारीत परत आल्यावर मी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं की सातपैकी एकाही बाईला खूण सापडली नाही. हे खोटं आहे. सातही जणींना सापडली. पहिल्याच खेपेला, न शिकवता. आमच्या कामात इतकं चांगलं कधी होत नाही. सापडली, आणि नको म्हणून त्यांनी हात मागे घेतला. हात मागे का घेतला ते ऑफिसमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी बोललो नाही, कारण मला लाज वाटली. इथे जेवायच्या सुट्टीत मुलं मला विचारतात, तुमच्याकडे अजून अंगात येतं का रे, साप चावला की भगताकडे नेतात का? वाईट नाहीत ती, सहज विचारतात आणि हसतात. मीही हसतो. मीटिंगमध्ये उभं राहून, आमच्या बायका फोटोवरून हात फिरवायला घाबरतात, असं मी सांगितलं असतं तर ते पुन्हा हसले असते, आणि त्यात आई होती. म्हणून मी सापडली नाही असं लिहिलं. ते वाचून प्रमुख म्हणाले, मग वाट दाखवणारा हात घाला. तो हात मीच काढला ताई. काढताना मला दिसत होतं तो काय करतोय. वाटलं, सवय होईल. सगळ्यांना सगळ्याची सवय होते.

बंगळुरूत मी जे बोललो त्याबद्दल मला स्वतःची किळस येते.

संस्थेला आणि ऑफिसला मी वेगळं पत्र लिहिलंय, फेब्रुवारीच्या सगळ्या नोंदी जोडून. माझी नोकरी बहुतेक जाईल. तुझं काम तुला परत मिळावं असं लिहिलंय.

हे पत्र तू ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखव. मी स्वतः येऊन बोलायला हवं, पण माझ्यात तेवढी हिंमत नाही, खरं सांगतो. एकच विनंती आहे. आई नसताना वाच. तिला वाटतं मी तिथे बसून आपल्या माणसांची कामं करतो. मला तिचीच लाज वाटली हे तिला कळलं तर ती मरेल. एवढं माझ्यासाठी कर.

हरेश


१६ नोव्हेंबर २०२५
पाड्यावरून

हरेश,

तुझं पत्र आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. आई नसताना कसं वाचायचं याचा विचार करत होते. पाड्यात मामी नसते कधी? मग म्हटलं, यानं आयुष्यभर आईपासून लपवायचं आणि मी ते सांभाळत बसायचं, हे आता पुरे.

रविवारी सगळे ओट्यावर जमले. भात झोडून झाला होता, माणसं मोकळी होती. चैतीला मी बोलावलं नाही, माझं तोंड नव्हतं. मामीच गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली. मामी सगळ्यात पुढे बसली. तुझं पत्र आलंय म्हणून नवं लुगडं नेसली होती.

मी सगळं वाचलं, एक ओळ गाळली नाही. "त्यात आई होती" तेही वाचलं, आणि "आई नसताना वाच" तेही. मामी शेवटपर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, "मीच पयला हात घातला व्हता त्या पोराच्या फोटूवर. म्या त्याला तवाच का नाय बोलली?" उठली आणि घरी गेली. मी तिच्याशी वाईट वागले. मला ठाऊक आहे, आणि मी परत तसंच वागेन. ती जेवते आहे, काळजी करू नकोस. तुझं नाव काढत नाही.

मला वाटलं, झालं. आता कुणीतरी म्हणेल की गौराची चूक नव्हती. मी चैतीकडेच बघत होते.

चैती म्हणाली, "याच्यात लिवलाय, तू हापशापाशी त्याला बोलली व्हतीस?" ते तुझ्या पत्रात नव्हतं, मीच वाचता वाचता मध्ये सांगितलं होतं, माझी बाजू यावी म्हणून. मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "मंग जूनपास्नं टॅब घेतला कशाला? गाडी मागवलीस ती कशी?"

तू दोनदा विचारलंस, मी दोनदा टाळलं. तिला टाळता आलं नाही.

मी आतल्या खोलीत जायचे, हरेश. दार लोटायचे, भिंतीकडे तोंड करायचे आणि बोट ओढायचे. बाहेर येऊन म्हणायचे, गाडी निघाली. बायकांना वाटायचं बटण दाबलं असेल. काशीला दाखवलं नाही, कारण काशीच्या जिभेला हाड नाही; मी लेकरांच्या तोंडावरून हात फिरवते हे तिनं दुसऱ्या दिवशी पाड्यात पसरवलं असतं. टॅब परतही केला नाही. आपल्या हरेशनं केलेला, मोखाड्यात कुणाकडे असा नव्हता, मीटिंगमध्ये मी तो सगळ्यांना दाखवत फिरायचे. काशीला नुसतं एवढं सांगितलं असतं की आत जा, भिंतीकडे तोंड कर आणि डोळे मिटून एकदा ओढ, तर शिव्या घालत का होईना तिनं केलं असतं. गाडी सव्वादोनला सुटली असती. माझं नाव खराब होऊ नये म्हणून मी गप्प बसले. तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?

हे सगळं मी ओट्यावर बोलले. न बोलून करते काय?

चैती शांतपणे ऐकत होती. पाड्यातले म्हणत होते तसं मला ती कधी बोललीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "हात फिरवलास म्हणून माझी पोर गेली, असा मना कधीच वाटला नाय. लोक बोलायचे. मी दार लावायची, कारन तुला बघितला का गोदी आठवायची. मनात म्हनायची, गौरानं धावत येऊन केला तरी. बाकी कुनी नाय केला." मग म्हणाली, "आता समजला, तुमा दोघांना आधीच ठाव व्हता."

ती घरी गेली. दार लावलं नाही. उघडंच असतं आता, मी समोरून गेले तरी ती आपली कामं करत राहते, वर बघत नाही.

संस्थेचं पत्र आलं आहे. तुझ्या नोंदी पोचल्या, मला परत कामावर घेतलं आहे. सोमवारी नवीन टॅब घेऊन जायला सांगितलं आहे. मी कळवलं की काशीला परत बोलवा, तिला द्या.

गौरा